तारीख कोपऱ्यात येते का?

रोमाल्दने काचेवर पाच कॅमेरे मांडले,
सुंगटांचे वाटे मांडावेत तसे.
हा तीस पट जवळ आणतो, म्हणाला,
मांडवीपलीकडच्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजा.

मला पलीकडचं काही नको.
मला हवंय ते पायाखालीच आहे:
आमच्या खाजनाचा बांध,
त्यात कुर्लीनं पाडलेलं भोक,
परवा बोटाएवढं, आज मुठीएवढं,
आणि पुनवेच्या भरतीला
सगळं कोरगूट खाऱ्या पाण्यात.

मामलेदार कचेरीतला खांडेपारकर विचारतो,
भोक कधीचं? पुरावा काय?
फोन पुढे केला तर
दोन भोकांच्या मध्ये लेकीनं पाठवलेली सुप्रभातची फुलं,
भाचीच्या मुलाचं बारसं.
तो चष्मा कपाळावर चढवून
बारसंच बघत बसतो.
म्हणून वेगळी डबी हवी.
फक्त बांधाची.

रोज तीन किलोमीटर चालते मी,
एका हातात चपला, दुसऱ्यात काठी.
कॅमेऱ्याच्या वाट्याला येतो
काठी धरलेल्या हाताचा अंगठा.
बटव्यात मावला पाहिजे. चिखल पुसता आला पाहिजे.
आणि जागा व्हायला वेळ लावणारा नको,
तोवर आरोपी बिळात गेलेला असतो.

हसरा चेहरा ओळखतो हा, रोमाल्द म्हणाला.
आमच्या संघाच्या बैठकीत
त्याला काम मिळणार नाही, मी म्हटलं.

उन्हात पडदा दिसतो का?
दुपारी खाजनात सावली असते ती आपली तेवढीच.
त्यानं दुकानाबाहेर नेऊन दाखवला.
फुटपाथवर दोघंही हाताचा आडोसा करून
काळ्या पडद्यात आपापली नाकं बघत उभे राहिलो.

मग त्यानं मागच्या कपाटातून एक जुना काढला.
कोपरे झिजलेले, वर
डोळा लावून बघायची इवलीशी खिडकी.
कुणाचा?
लिस्बनला गेलेल्या एका दंतवैद्याचा.
दातांचे फोटो काढायचा.

म्हणजे भोकं बघायची सवय आहे त्याला.

तारीख कोपऱ्यात येते का?
येते, पण बॅटरी काढली की
मागे एक जानेवारीवर जाऊन बसतो.
रोज सकाळी लावायची, बाई.
चार हजार म्हणाला, साडेतीनला सुटला,
आणि वर एक पट्टी दिली मनगटात अडकवायला,
दंतवैद्याच्या क्लिनिकचं नाव असलेली.

रायबंदरहून फेरी धरली.
चोडणला उतरून घरी न जाता
सरळ मानशीवर गेले.
ओहोटी लागलेली, दारं उघडी,
पाणी घाईत नदीकडे निघालेलं.
गोकळो जाळं लावून बसला होता.
फोटो म्हटल्यावर पाठच फिरवली त्यानं.
फळी कुजली ती माझ्या नावावर घालतील, म्हणाला.

खोटं नव्हतं. पुराव्याला
दोन्हीकडून धार असते.

तरी मी रोखला.
पडद्यावर पिवळा चौकोन थरथरला,
गोकळोच्या पाठीवरून घसरला,
आणि फळीतल्या दोन गाठी, खालची फट
यांच्यावर जाऊन ठाम बसला.
चेहरा सापडला म्हणे.

गोकळो उठून आला.
माझ्या खांद्यावरून बघितलं.
जाळ्यात काहीतरी फडफडत होतं, तरी बघत राहिला.
आमचो आजो, म्हणाला.
शेवटी शेवटी दात नव्हते त्याला.

कोपऱ्यात तारीख होती एक जानेवारी,
आणि साल असं, की तेव्हा
आजो बसलाही असेल इथे.
खांडेपारकरला हा चालणार नाही.
पुसायला अंगठा नेला,
ठेवला.

मग उजेड होता तोवर
दगडावर बसून बारीक बटणं दाबत
आजचा वार, आजचं साल लावलं
आणि भोकाकडे गेले.

दोन मुठी.