खालचा पिवळा

आज काही करायचं नाही.
आज फक्त वाळू द्यायचं.

जवसाच्या तेलाला घाई कळत नाही.
नवव्या थराला बारा दिवस झाले,
बोट टेकवलं तर अजून
ठसा धरून ठेवतो.

माझ्या खोलीखाली अब्बांचं दुकान.
मिरजेत या गल्लीचं नाव काढलं की
लोकांच्या कानात तंबोरा लागतो.
आमच्या घरात तिचा आवाज वेगळा:
पॉलिश कागदाचा, कोरडा, दुपारभर,
गोठ्यात कुणीतरी रवंथ करावं तसा.

भोपळा मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणाचं,
चपडा लाख रात्रभर स्पिरिटात विरघळलेली,
कापसाचा बोळा, वर जुन्या मलमलीचं फडकं.
एक हात. वाळू दे. घास.
दुसरा हात. वाळू दे. घास.
हात म्हणजे थर,
हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत.

मी मुळात त्यांचंच काम करते.
माझ्याकडे वाद्य नाही एवढंच.

पहिल्या चित्रापुढे उभं राहून त्यांनी विचारलं होतं,
हे काय आहे?
म्हटलं, काही नाही.
म्हणाले, काही नाही, आणि त्याला एवढं तेल?
त्यानंतर जिना चढले नाहीत.

या कॅनव्हासवर सगळ्यात आधी पिवळा होता.
सांगलीच्या यार्डात हळदीचा सौदा उरकला की
हमालांच्या पापण्यांवर जो राहतो, तो.
दोन महिने लागले त्याला. पाच ट्यूब.
जमला त्या दिवशी इतका बरोबर होता
की दुसऱ्या सकाळी मी त्यावर
तपकिरी रोलर फिरवला.

मग करडा. मग ब्लेडनं खरवडून अर्धा करडा.
मग ओल्या रंगावर वर्तमानपत्र दाबून उचललं,
तर छोट्या जाहिरातींतला एक शब्द उलटा उमटला:
पाहिजेत.
काय पाहिजेत ते कागदाबरोबर गेलं.
शब्द ठेवला. आता तो पाच हातांच्या खाली आहे,
कृष्णाघाटाच्या भिंतीवर
नव्या चुन्याखाली जुन्या पुराची रेघ असते तसा.

वरचा शेवटचा लाल
चिंधीनं लावला, चिंधीनंच पुसला.
लावला त्यापेक्षा जास्त पुसला.

आज चारला वीज गेली.
दुकानात अंधार, धारवाडच्या गिऱ्हाईकाचा फोन,
म्हणून अब्बा भोपळा कवेत घेऊन
उजेडासाठी वर आले.
खिडकीपाशी तो तिरका धरला,
गाल जवळ नेऊन कडेकडेनं पाहिला,
खाली ठेवला.
आणि मग, मला काही न विचारता,
चित्राच्या बाजूला उकिडवे बसले.

समोरून नाही.
गाल भिंतीला लावून, कडेनं,
उजेड पृष्ठभागावरून घसरत जातो त्या दिशेनं.

बराच वेळ.
खाली बाबालाल मिस्त्री हाका मारून गेला.

"इथं घाई केलीस,"
तळहाताएवढ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले.
तेल पिऊन मंद पडलेली जागा.
खरं होतं. जुलैतला गुरुवार,
मला पोस्टात जायचं होतं.

मग म्हणाले, "खाली पिवळा आहे."

कुठंच दिसत नाही तो.
मी कडासुद्धा झाकल्यात.
"कशावरून?"

"लाल आपला आपण एवढा ऊब धरत नाही."
थोडं थांबून, "यार्डातला?"
मी मान हलवली.
त्यांनीही हलवली, भाव पटल्यावर हलवतात तशी,
आणि उठताना आधाराला
कॅनव्हासचा खालचा कोपरा धरला.

वीज आली. ते गेले.
कागदाचा आवाज पुन्हा सुरू झालाय.

कोपऱ्यात अंगठा उमटलाय,
लाखेनं बुजलेल्या रेषांचा,
अर्धाच.

दहावा हात मारायला अजून आठ दिवस आहेत.
कोपऱ्याचं काय करायचं
ते ठरवलेलं नाही.