वीतभर काजळी

कासेरेसच्या जुन्या पेठेतल्या त्या दगडी महालाचं छत
सात महिने मी उताणी पडून पुसलं.
कापसाचा बोळा, कोमट पाणी, कधी नुसती थुंकी.
हसू नका, थुंकीइतकं मवाळ दुसरं काही नसतं.
दिवसाला वीतभर.
काजळीखालून आधी एक पंजा निघाला,
मग शेपूट, मग लाल जीभ,
आणि ऑगस्टात एकदाचा अख्खा सिंह.

ज्यांनी तो रंगवून घेतला
त्यांचा बुरूज राणीने निम्म्यावर छाटायला लावला होता.
छाटलेल्या माथ्यावर आता करकोचे राहतात.
पिल्लं उडेपर्यंत परांचीवर चढायचं नाही,
असा आम्हाला सरकारी कागद आला.
बुरजाने एवढ्या वर्षांत दोनच हुकूम पाळले:
एक राणीचा, एक करकोच्यांचा.

रोज संध्याकाळी बादलीतलं काळं पाणी
मी अंगणातल्या मोरीत ओतायचे.

फीत कापून झाली. दुसऱ्या दिवशी
तिकीट काढून विसितासिओन बाई आल्या,
ऐंशीच्या पुढच्या, पायात नवे बूट, चावणारे.
वाटाड्या पोरगा सांगत होता: सरदार, मेजवान्या, नाच.
बाई म्हणाल्या, इथे आमची चूल होती.
बारा बिऱ्हाडं या महालात, आणि नळ एक.
सिंह? नाही बुवा.
वर बघायला मान कुणाची रिकामी होती?

मग बोट वर करून:
तो कोपरा का राहिला?

आमच्या धंद्यात तशी रीत आहे.
एक तुकडा न पुसता सोडायचा,
आधी काय होतं ते कळावं म्हणून.
त्याला साक्षीदार म्हणतात.
मी हे सगळं नीट समजावलं, जरा जास्तच नीट.

त्यांनी डोळे बारीक केले.
म्हणाल्या, त्याच्या बरोबर खाली आईचा तवा.
उपासमारीच्या वर्षी ओकची फळं भाजायची ती,
ओली लाकडं, डोळे चुरचुरायचे.
काही दिवस तव्यावर काहीच नसायचं.
तरी चूल पेटवायची.
शेजाऱ्यांना धूर दिसला पाहिजे ना.

मी बादल्या मोजल्या नव्हत्या.
त्यात जेवणाची काजळी किती
आणि नुसत्या अब्रूची किती,
बोळ्यावर दोन्ही सारखीच उतरते.

पोरगा म्हणाला, चला, पुढच्या दालनात तलवारी.
बाई निघाल्या, बुटांत जपून पाऊल टाकत,
आणि दारात थांबून विचारलं त्यांनी:
तलवारींवरचंही थोडं
न पुसता ठेवलंय का?