दम खाणं

झोंगुलदाकच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
एक कॉरिडॉर आहे बरोबर तीस मीटरचा.
दोन टोकांना दोन नारिंगी शंकू,
मध्ये भिंतीला टेकवलेली एक खुर्ची,
आणि खिडकीत काळा समुद्र. नावाचाच काळा;
आज राखाडी, घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा.

नुर्शेन त्याच्या बोटाला चिमटा लावते. एक्क्याण्णव.
'सहा मिनिटं, दुरमुशकाका. धावायचं नाही.
थांबावंसं वाटलं तर थांबा.
घड्याळ थांबणार नाही, एवढंच.'

दुरमुश म्हणजे थांबलेला, राहिलेला.
आधीची तीन गेली तेव्हा आईनं ठेवलेलं नाव.
आपण दगडू ठेवतो, धोंडू ठेवतो, तसंच.

तो राहिला.
सव्वीस वर्षं समुद्राच्या तळाखाली
कोळशाच्या थरात कुशीवर पडून राहिला.
वर आला की पितळी बिल्ला, अकराशे सत्याऐंशी,
फळ्यावरच्या खिळ्याला परत अडकवायचा.
बिल्ला खिळ्यावर, म्हणजे माणूस वर.
त्याच्या आतून काय काय वर आलं
ते मोजायला मात्र फळा नव्हता.

तीन वर्षं तो पंप मारत होता
झुरळावर फवारा मारावा तसा:
औषध जिभेवर, जीभ पांढरी, छाती कोरडी.
नुर्शेननं एकदा मारून दाखव म्हटलं, आणि डोक्याला हात लावला.
'आधी सोडा. सगळा. तळापर्यंत.
आता दाबा, आणि ओढा,
खाणीचा पिंजरा वर ओढतात तसा,
हिसका न देता.
धरा. दहा मोजा. मग चूळ भरा.'
पिंजरा म्हटल्यावर त्याला एका फटक्यात कळलं.

घरी गुलिझार करवादली:
'दम लागतो म्हणून माणूस बसून असतो,
आणि ह्या म्हणतात, चाला!
बुटाची नाडीसुद्धा मी बांधते त्याच्या.'

मंगळवार, गुरुवार. वाळू भरलेल्या बाटल्या,
दोन हातांत दोन. वर, खाली, वर.
शेजारी सातिल्मिश, नाकात नळी, पायाशी सिलिंडर,
सायकल मारता मारता म्हणायचा,
'अंकाराला पोचलो की उठव रे.'
परवाच्या मंगळवारी तो आला नाही.
त्याच्या सायकलवर कोणी बसलं नाही,
कोणी काही बोललंही नाही.

नुर्शेन खोटं सांगत नाही.
फुप्फुसाचं गेलेलं परत येत नाही, काका.
पाय मात्र शिकतात.
थोड्या हवेत जास्त चालायला शिकतात.

चौथ्या मिनिटाला जीव घशाशी आला.
शहाऐंशी.
खुर्ची तिथंच होती, हात लांबवला तर लागेल अशी.
तो बसला नाही. गुडघ्यांवर हात टेकून वाकला,
ओठांचा चंबू केला, ऊन चहावर फुंकर घालतात तसा,
फू... फू...
आणि सरळ झाला. निघाला.

पहिल्या दिवशी दोनशे बारा मीटर.
आज दोनशे अठ्ठ्याहत्तर.
नुर्शेननं कागदावर लिहिलं, आकड्याखाली रेघ मारली,
मग उगाचच आणखी एक.

बेकरीपासून घरापर्यंत शहाण्णव पायऱ्या.
त्या कोणी मोजायला लावलेल्या नाहीत,
त्या त्याच्या त्यानं मोजल्या आहेत.
काखेत पाव, खिशात पंप,
पंपाच्या पाठीवर उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा: एकसष्ट.

गुलिझार वर स्वयंपाकघरात कान लावून.
पावलं येतायत. खोकला. पावलं.
मग काहीच नाही.
पूर्वी अशा शांततेला ती हात न पुसता धावायची.

इथे चहा मुरतो त्याला देम म्हणतात.
आपला दमच तो, इकडे येऊन किटलीत उतरलेला.

ती आच आणखी बारीक करते.
खाली साठाव्या पायरीवर
कोणीतरी फुंकर घालतंय.