निर्व्याज

तुम्पतच्या धक्क्याजवळ आमची शाखा.
इथे व्याज हा शब्द कुणी उच्चारत नाही.
नफा म्हणतो आम्ही, हप्ता म्हणतो,
आणि क्वालालंपूरचा फोन आला की
सही, वेळ, शिक्का, पुढची फाइल.

मेक सोम आली तेव्हा
तिच्या कपड्यांना सुकवलेल्या माशांचा वास होता.
होडी घरी होती. इंजिन समुद्रात गेलं होतं,
नवऱ्यासकट.
"चाळीस घोड्यांचं हवंय," म्हणाली,
"आता थोरला जाईल."

पद्धत साधी आहे.
इंजिन आधी बँक विकत घेते,
मग तिला विकते, आपला नफा उघड सांगून.
दुकानदाराच्या कागदावर दहा वाजून दोन मिनिटं,
तिच्या कागदावर दहा वाजून सहा.
मधली चार मिनिटं
इंजिन आमचं.

अशी किती चार मिनिटं जगलोय मी!
मोटारसायकली, शिलाई यंत्रं, एक बर्फाचा कारखाना,
आणि कधीच न पाहिलेलं टनावारी पामतेल,
सगळ्याचा मालक, खुर्चीतून न उठता.
तेवढ्यात चहासुद्धा निवत नाही.

त्या दिवशी दहा वाजून चार मिनिटांनी
दुकानदाराचा फोन आला :
ट्रकमधून उतरवताना दोर निसटला,
इंजिन धक्क्यावरून खाली, खाडीत.

समोर मेक सोम बसलेली.
अंगठा शाईत बुडवून झालेला,
कागदावर अजून टेकला नव्हता.

वरून साहेब म्हणाले,
"घे तिचा अंगठा. वेळ टाक दहा-एक.
कोण बघायला बसलंय?"

खरंच कुणी नव्हतं.
मला आठवला प्रशिक्षणाचा एक दमट दुपारचा वर्ग,
आम्ही सगळे पेंगत होतो, आणि म्हातारे उस्ताद
फळ्याकडे तोंड करून पुटपुटत होते,
बुडण्याची भीती ज्याची, नफा त्याचा.
नाहीतर बाळांनो, आपण सावकारच,
फक्त टोपी घातलेले.

मी कागद ओढून घेतला.
लिहिलं : दहा-चार. मालक बँक. नुकसान बँकेचं.
मग पहिल्यांदाच
माझ्या मालकीची वस्तू बघायला गेलो.
ओहोटी होती. चिखलात डोकं खुपसून
पंख्याची पाती वर करून पडलं होतं ते,
आणि एक खेकडा त्यावर ताबा सांगत होता.

माझी वेतनवाढ अडली, हे ओघानेच आलं.
मेक सोमला एवढंच कळलं
की इंजिन आठ दिवस उशिरा मिळालं.
बँकवाले ढिले, असं ती बाजारात सांगत फिरली.

आता सगळं संगणकावर.
खरेदी आणि विक्री
यांत चार सेकंदांचं अंतर.
चार सेकंदांत कुठला दोर निसटणार?

फक्त समोरच्या खुर्चीच्या हातावर
एक निळा अंगठा आहे,
तिने पुसलेला, न दिलेला.
लेखापरीक्षक आले की
मी त्यांना तिथेच बसवतो.