अठरा अंश

मे महिन्यात आमच्या इमारतीत
एकाच खोलीला गारवा असतो:
अठरा अंश, रात्रंदिवस, जनरेटरसह.
तिथे करपा राहतो.

बाहेर महाराजबागेच्या रस्त्यावर डांबर चपलेला धरतं,
सकाळी भिजवलेली खस दुपारपर्यंत कुरकुरते,
आणि उमपकाका दाराशी मान पुसत विचारतात,
"काहून म्याडम, रोगाले एसी अन् माणसाले कूलर?"

काय सांगू. या उन्हात तो जगत नाही,
धुक्यातला पाहुणा.
आणि मरू दिला, तर विचारायचं कुणाला
की या पानात तुला शिरता येतं का?
म्हणून दर सोमवारी मी त्याला
आलूचे काप वाढते, कळमन्याचे, ताजे.
(अहवालात बटाटा लिहिते. तोंडात आलूच येतो.)
तो पांढरी लव फुटवून
जेवल्याचं कळवतो.

अकरा नंबरची पानं उलटी मांडली
ओल्या टिपकागदावर, एकेक थेंब.
त्यांच्यात एक जनुक आहे दूरच्या जंगली आलूचं,
ज्याचे कंद कडू, बोराएवढे,
फुकट दिले तरी कुणी नेणार नाही.
पण चोराची पावलं त्याला ओळखू येतात.

पाचव्या दिवशी
नऊ नंबर काळी, लिबलिबीत.
अकरावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका.
भिंगातून पाहिलं: थेंबाभोवतीच्या पेशी
आपण होऊन मेल्या होत्या,
आग पुढे जाऊ नये म्हणून मधलं छप्पर पाडतात, तशा.
त्यापुढे पान हिरवं. इतकं साधं हिरवं
की मी काकांना हाक मारली
आणि मग दाखवायचं काय ते सुचेना.
"ठिपका हाय," ते म्हणाले.
"हो," म्हटलं, "ठिपकाच."

नियम असा, की यातलं काही दाराबाहेर जात नाही.
संध्याकाळी हरलेली, जिंकलेली, सगळी एका पिशवीत,
करप्याच्या उष्ट्या कापांसोबत,
एकशेएकवीस अंश, वीस मिनिटं.
ऑटोक्लेव्ह उसासतो,
आणि व्हरांडाभर वास सुटतो
उकडलेल्या आलूचा.
काकांना भूक लागली. मलाही.

बर्डीवर आलूबोंडा घेताना पाहिलं,
गाड्यावरची बाई सुरीच्या टोकाने
काळा डाग कोरून काढत होती,
उरलेला आलू पातेल्यात, न बघता.
वहीत अकराच्या पुढे तारीख लिहून आले होते.
शेरा अजून कोरा होता.