चाळीस ग्रॅम

सिव्हिल लाइन्सच्या कडुनिंबाखाली
माझं टेबल, माझी खुर्ची,
आणि एक गिऱ्हाइकाची, जिचा चौथा पाय विटेचा आहे.
टाइपरायटर जाऊन लॅपटॉप आला,
बोटं मात्र अजून जोरातच आपटतात.

पार्बता निनावे आल्या मे महिन्यात,
डोक्याला ओला दुपट्टा,
काखेत पोत्यात गुंडाळलेला इलेक्ट्रॉनिक काटा.
गोकुळपेठच्या बाजारात सांबार, पालक, चवळी विकतात.
"चालू करा जी याले," म्हणाल्या.
केला.
ताटलीवर काहीच नव्हतं.
लाल आकडे थरथरले, मग थांबले:
चाळीस ग्रॅम.

"पाहा. हवा तोलून राहिला."

इतवारीतून घेतलेला. बत्तीसशे रुपये, वर्षाची वॉरंटी.
चौथ्या दिवशी वापस घेऊन गेल्या
तर शेठनी पंखा स्वतःकडे वळवला, बिल उलटं केलं
आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं:
विकलेला माल परत घेतला जाणार नाही.
मग आवाज खाली आणला.
"बाई, चाळीस ग्रॅम तुमच्याच बाजूनं आहेत ना?
दिवसाची शंभर गिऱ्हाइकं धरा.
लोकं असा काटा पैसे देऊन करून घेतात,
तुम्हाले फुकट भेटला."

हे सांगताना बाई हसल्या नाहीत.
"हिसाब येते जी मले.
रोजचे चार किलो.
पण ते चार किलो कोनाच्या पिशवीत
जातच नाहीत ना."

मी टाइप करायला घेतलं.
तक्रारकर्ती. विरुद्ध पक्ष.
सदोष वस्तू, सेवेतील त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा.
वीस वर्षं हेच शब्द,
फ्रीजसाठी, कूलरच्या मोटरसाठी,
एकदा लग्नाच्या एका व्हिडिओसाठी, ज्यात नवरीच नव्हती.
स्वतःच्या फायद्याचा दोष घेऊन
कुणी आलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावरून सुखदेवे वकील म्हणाले,
"धंद्यासाठी घेतला ना? मग या ग्राहक कशा?"
मी कलम पुढे वाचून दाखवलं:
स्वतः राबून उपजीविका करणारा ग्राहकच असतो.
ते पान खायला उठले.
"उपजीविका म्हणजे?" बाईंनी विचारलं.
पोट, मी म्हणालो.
"मग पोट लिहा ना सरळ."
मी उपजीविकाच लिहिलं, ठळक करून.
आता वाटतं, ऐकायला हवं होतं.

नुकसान, या शब्दापाशी बोटं थांबली.
वरून हिरवी लिंबोळी पडली ताटलीत.
आकडा ढिम्म.
"लिहा," म्हणाल्या, "आता मी जुन्या तराजूनं मापतो
तं लोकं म्हणतात, मावशी,
काटा घेतला अन् झाकून ठेवला,
नक्की काही तरी गडबड आहे."

एवढ्या छोट्या रकमेला सरकारी फी लागत नाही.
माझे दीडशे.
शंभर दिले आणि सांबाराची जुडी,
देठांना अजून माती.

तारीख पडलीच नाही.
नोटीस पोचली आणि दुकानातला पोरगा
नवा काटा घेऊन थेट बाजारात हजर,
सोबत समजोत्याचा कागद.
बाईंनी आधी काटा लावला,
शेजारणीकडून किलोचं लोखंडी माप मागून ठेवलं,
उचललं, पुन्हा ठेवलं,
तोवर पोरगा उन्हात उभा.
मग सही.

पुढच्या सोमवारी मला दाखवायला घेऊन आल्या.
"पाहा, काही नाही ठेवलं
तं काहीच नाही दाखवत."

आणि जुना? मी विचारलं.
"नेला त्यानं वापस."
विटेवरची खुर्ची जराशी हलली.
दोघंही गप्प.

भाजी घेताना आता मी
आधी रिकामी ताटली पाहतो.