बघण्यासारखं

एकतीस वर्षं मी गंगापूर धरणावर पट्टी वाचली.
सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा.
पाणी किती, एवढंच विचारायचे लोक.
कसं आहे, ते कोणी विचारलं नाही,
आणि विचारलं असतं तरी रजिस्टरात त्याला रकाना नव्हता.

आता पेन्शन. सायकल मात्र
आपोआप बॅकवॉटरकडे वळते.
तिथे बोटींच्या रांगेपलीकडे
दोन वर्षांपासून सांगाराम उभा असतो,
पालीकडचा रायका, कानात सोन्याचे मणी,
आणि त्याची सांडणी, रूपली.
एक फेरी पन्नास रुपये. फोटो वेगळा.

शनिवार-रविवारी कॉलेज रोडची पोरं
चढताना किंचाळतात, उतरताना पुन्हा किंचाळतात.
सोमवारी कोणी नसतं.
सोमवार आमचा.

हेमांगीनं माझं जैसलमेरचं बुकिंग केलं तेव्हा
तो छापील कागद मी त्याला वाचून दाखवला.
सहा रात्री, सात दिवस. किल्ला. हवेल्या.
तलाव, त्यात नौकाविहार.
वाळूच्या टेकड्यांवर सूर्यास्त, उंटसफारी,
नंतर लोकनृत्य, जेवणासहित.
उंटसफारीला तो हसला.
रूपलीची मान थोपटत म्हणाला,
"एवढ्या लांब जाऊन, साहेब,
हिच्या मावशीवर बसणार?"

मग तू सांग, म्हटलं, तुझ्याकडे बघण्यासारखं काय आहे?

बराच वेळ तो पाण्याकडे बघत राहिला.
"कुलूप," म्हणाला.
कसलं कुलूप?
"अंगणात जमिनीखाली टाकं आहे, त्याच्या झाकणाचं.
आमच्या घराला कुलूप नाही. पाण्याला आहे.
चावी आईच्या कमरेला."
आणखी?
"एक खेजडी. तुम्ही शमी म्हणता.
दुपारी तिच्या सावलीत मावतील
तेवढ्याच बकऱ्या पाळायच्या, बापू सांगायचे."
आणखी?
"रात्र. पण ती तुमच्या कागदात बसायची नाही."

मी नाशिककर. मला राहवेना.
पांडवलेणी, अंजनेरी, रामकुंड, सगळं सांगून टाकलं,
आणि धरणातून पाणी सोडलं तेव्हा
भाच्याच्या रिक्षातून त्याला सोमेश्वरला नेलं.
लोक धबधब्याकडे पाठ करून सेल्फी काढत होते.
यानेही पाठ केली. मोबाइल खिशातच होता.
का रे?
"एवढं पाणी ओरडताना बघवत नाही."
परतताना कणसाच्या गाडीशेजारचा गळका नळ
त्याने दोन्ही हातांनी घट्ट बंद केला.
पूर्ण नाशिक दर्शनात तेवढी एकच गोष्ट
त्याने हात लावून पाहिली.

जानेवारीत मी जाऊन आलो. सगळं पाहिलं, कागदाबरहुकूम.
तलावाच्या पायऱ्यांवर उभा राहून
नकळत पट्टी शोधत होतो.
गाइड म्हणाला, काका, सूर्यास्त तिकडे आहे.

मे महिन्यात आमचं धरण खाली गेलं.
बोटी कुशीवर पडल्या, गाळाला भेगा गेल्या,
बुडालेली जुनी वाट आणि तिची मोरी वर आली.
गिऱ्हाईक बंद. सांगाराम मात्र
ओळखीच्या घरात शिरावं तसा तळात उतरला,
रूपलीची वेसण धरून,
जिथे एरवी माझे खालचे आकडे पाण्यात असतात तिथपर्यंत.
लांबून हात केला: "या साहेब, तिकीट नाही!"

गाळ आतून अजून ओला होता.
तिचे रुंद, दोन बोटांचे पाय त्यात उमटत गेले,
मोरीवरून, जुन्या वाटेने, पार पाण्याच्या ओठापर्यंत.
तिथे ती थांबली. प्यायली.
तिचं होईस्तोवर आम्ही दोघं बोललो नाही.

आता ते सगळं पाण्याखाली आहे.
सांगाराम गावी गेलाय, दिवाळीनंतर येतो म्हणाला.
लोक सायकलपाशी थांबून विचारतात,
काका, इथे बघण्यासारखं काय आहे?
मी बोटींकडे बोट दाखवतो.

घरी जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानावर नोंद आहे:
पहिलं पाऊल सतरा फुटांवर, शेवटचं अकरा.
रकाना नव्हता.
पट्टी घेऊन आखला.